जळगावातला बर्फ

खोली दाखवायला म्हणून त्यांनी मला आधी विमानाखालून वाकून नेलं.

माणूस चंद्रावर उतरला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. जळगावच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला मी साताऱ्याहून आले होते आणि राहायला जागा शोधत होते. कुणीतरी सांगितलं, स्टेशनापलीकडे जिनिंगवाल्यांच्या धाकट्या भावाकडे माडीवरच्या खोल्या रिकाम्या आहेत, तिथे भाडेकरू टिकत नाहीत. का टिकत नाहीत हे विचारायचं मला सुचलं नाही. जिना घराच्या मागच्या अंगाला होता, आणि मागे जायची वाट एका मोठ्या पत्र्याच्या शेडमधून होती. शेडच्या मधोमध लाकडी कामट्यांचा एक लांबट सांगाडा सुताराच्या घोड्यांवर उभा होता. घरमालक त्याच्याखालून वाकून पलीकडे गेले, म्हणून मीही गेले.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"विमान. पंख भिंतीला टेकवून ठेवलेत म्हणून ओळखू येत नाही."

मी भिंतीकडे पाहिलं. पंख होते.

"रविवारी इंजिन चालवतो, आवाज होतो," ते म्हणाले. "चालणार नसेल तर आत्ताच सांगा. दुसरी जागा शोधून देईन, पण इंजिन बंद करणार नाही."

साताऱ्यात कुठलाही घरमालक माझ्याशी इतकं सरळ बोलला नव्हता. मी खोली घेतली आणि बदली होईपर्यंत तिथेच राहिले.

सारं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. उंच, काटकुळा माणूस. चष्म्याची काडी तुटलेली, म्हणून तो इलॅस्टिकने डोक्यामागे बांधलेला. खाकी अर्धी चड्डी, पांढरा शर्ट आणि कपाळावर कायम व्हार्निशचा नाहीतर सरसाचा एखादा ठिपका. बोलणं इतकं सावकाश की समोरचा माणूस त्यांचं वाक्य आधी पुरं करून टाकायचा, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं पुरं व्हायचं. मग भाऊ शांतपणे पहिल्यापासून सुरुवात करायचे.

घराणं मूळचं यावलकडचं, केळीवाल्यांचं. वडिलांनी जळगावात कापसाचं जिनिंग टाकलं, धाकट्याला मुंबईला इंजिनिअर व्हायला पाठवलं. तिथे हा मुलगा फ्लाइंग क्लबात जाऊ लागला आणि एकट्याने विमान उडवण्यापर्यंत शिकला. तेवढ्यात वडील गेले. थोरल्या भावाने, म्हणजे नानांनी, त्यांना बोलावून घेतलं. आले, जिनिंगची यंत्रं सांभाळू लागले, लग्न केलं. विमान मात्र त्यांच्या डोक्यातून उतरलं नाही. परदेशातून एकच माणूस बसेल अशा विमानाचे नकाशे मागवले, एका क्लबाने मोडीत काढलेलं लहानसं इंजिन आणलं, आणि शेडमध्ये काम सुरू केलं. मी आले तेव्हा त्याला इतकी वर्षं झाली होती की गावाचं हसणंसुद्धा जुनं झालं होतं.

हसणारे रोज यायचे. कारण शेडचं दार भाऊ कधी लावत नसत आणि ते थेट रस्त्यावर उघडायचं. "दार लोटून घ्या हो, कामात लक्ष लागेल," असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "लपवण्यासारखं काही करत नाही मी. ज्याला हसायचं त्याने नीट बघून हसावं." बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेली माणसं दारात उभी राहायची. त्यातला एखादा म्हणायचा, "भाऊ, लोक चंद्रावर जाऊन आले, तुम्ही भुसावळपर्यंत तरी जाल का?" भाऊ हातातलं काम खाली ठेवून उत्तर द्यायचे, "भुसावळला जाता येईल. पण उतरायला तिथे रुळांशिवाय जागा नाही. ती सापडली तर जाईन." विचारणारा ओशाळायचा, कारण त्याला उत्तर नको असायचं.

त्यांना एकच गोष्ट सहन होत नसे. कुणी नुसतं 'जमणार नाही' म्हटलं की ते हात पुसत समोर यायचे आणि म्हणायचे, "कारण सांगा." आवाज चढायचा नाही, पण हलायचेही नाहीत. नगरपालिकेच्या कारकुनापासून स्वतःच्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी हे ऐकवलं होतं. कारण पटलं तर महिनाभराचं काम मोडून नव्याने करत. पटलं नाही तर कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

मी राहायला आले त्या सुमारास विमानाचं बहुतेक सगळं झालेलं होतं. अडलं होतं एका पाइपासाठी.

तो पाइप म्हणजे काय हे त्यांनी मला शेडमध्ये उभं करून समजावलं. इंजिनाला पेट्रोल आणि हवा एकत्र करून देणारा जो भाग असतो, कार्बोरेटर, त्यात पेट्रोलची वाफ होताना आतली हवा एकदम गार पडते. हवा दमट असली तर त्या गारव्याने आत बर्फ धरतो. बर्फाने हवेची वाट बुजते आणि इंजिन बंद पडतं. यावर उपाय असा की धुराच्या तापलेल्या नळ्याभोवतीची गरम हवा एका लवचिक पाइपातून कार्बोरेटरकडे आणायची आणि वैमानिकाच्या हाताशी एक खटका ठेवायचा. खटका ओढला की गरम हवा येते, बर्फ वितळतो. पाइप लवचिकच हवा, कारण इंजिन थरथरतं आणि ताठ नळी त्या थरथरीने तडकते.

"पण भाऊ, जळगावात बर्फ?" मी विचारलंच. बाहेर मे महिना होता. नळाचं पाणी हाताला चटका देत होतं.

"तुम्ही भूगोल शिकवता ना? भाद्रपदात इथल्या हवेत किती ओल असते ते तुम्हीच मला सांगा. ओल हवी, थंडी ते इंजिन स्वतः तयार करतं."

मी विचार केला आणि मला ते पटलं. गावाला पटलं नाही. 'जळगावात बर्फ पडणार म्हणून विमान थांबलंय' ही गोष्ट पानाच्या ठेल्यांवर इतकी फिरली की भाऊंचं नाव बर्फवाले भाऊ पडलं. एका उन्हाळ्यात कुणीतरी दारात बर्फाची लादी ठेवून गेलं. भाऊंनी ती फोडून अख्ख्या गल्लीला सरबत पाजलं आणि ठेवणाऱ्याचं नाव कळलं तर त्यालाही बोलवा म्हणाले.

तसला पाइप परदेशात दुकानात मिळत होता. आपल्याकडे मिळत नव्हता, आणि मागवायचा तर आयातीचा परवाना लागायचा. परवाना देणाऱ्या साहेबाने विचारलं, कुठल्या कारखान्यासाठी? घरासाठी म्हटल्यावर अर्ज परत आला. तेव्हापासून भाऊंना पाइपांचं वेड लागलं. जिथे पाइप दिसेल तिथे ते थांबायचे, तो गुडघ्यावर वाकवून बघायचे, आणि एक टोक हाताने बंद करून दुसऱ्याला तोंड लावून जोरात आत ओढायचे. पाइप चपटा झाला की नापास. भुसावळच्या फलाटावर दोन डब्यांमधल्या ब्रेकच्या नळीपाशी ते असेच वाकले, तर रेल्वेच्या पोलिसाने त्यांना बसवून ठेवलं. "जड आहे," सुटून आल्यावर ते मला म्हणाले. "नाहीतर चांगली होती." सिनेमाला गेले की पिक्चर सुरू झाल्यावर उठून प्रोजेक्टरच्या खोलीत जायचे, कारण दिव्याचा धूर बाहेर टाकणारा पाइप तिथे असे. तो पत्र्याचा निघाला, वाकवला की चुरगळायचा. अक्का, म्हणजे त्यांची बायको, सिनेमाला एकटीच पुढे बसून पिक्चर पुरा बघायची.

अक्का शिंदखेड्याकडची. अंगाने ठेंगणी, बोलायला खणखणीत. माझ्याशी मराठीत बोलायची, पण नवऱ्याशी नेहमी अहिराणीत. भाऊ तिला पाइपाचं काही समजावू लागले की ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमी बठ्ठास्ले सांगत फिरतस, माले शेवटले सांगतस." भाऊंना हे लागायचं. पुढच्या वेळी तिला आधी सांगायचे.

शेवटी जिनिंगमध्ये कापूस ओढून घेणारा कॅनव्हासचा पाइप असतो, तसाच बारीक करून त्यांनी शिवून घेतला. बाहेरून तारेचं वेटोळं, आतून रबराचं अस्तर. रविवारी इंजिन लावलं. गरम हवेचा खटका ओढला. थोडा वेळ बरं चाललं. मग इंजिन गुदमरल्यासारखं झालं आणि थांबलं. भाऊंनी पाइप काढून उभा चिरला. उष्णतेने रबराचं अस्तर कॅनव्हासपासून सुटलं होतं आणि आत ओढलं जाऊन त्याचा बोळा कार्बोरेटरच्या तोंडाशी बसला होता.

मी काही बोलावं म्हणून म्हटलं, "वाईट झालं."

"चांगलं झालं," ते म्हणाले. "जमिनीवर झालं."

त्या दिवसापासून पाइपाबद्दल त्यांचा हट्ट आणखी पक्का झाला. आतलं अस्तर सुटता कामा नये, तार आत येता कामा नये, कितीही तापला तरी पाइप चपटा होता कामा नये. मुंबईहून त्यांच्या क्लबातले एक जुने उस्ताद मुद्दाम विमान बघायला आले. त्यांनी लाकूडकामावर हात फिरवला, पंखांचं कापड टिचकी मारून ऐकलं आणि खूश झाले. पाइपाचं ऐकल्यावर मात्र हसले. "अरे, इथे खानदेशात गरम हवा हवी कशाला? त्या नळीचं तोंड बंद करून टाक आणि उड." उस्तादांसाठी केलेलं वरण-बट्टीचं जेवण त्यांच्यासमोर होतं, घरातले सगळे बसले होते. भाऊ म्हणाले, "सर, तुम्ही मला उडायला शिकवलंत. पण हे चूक सांगताय." उस्तादांना राग आला. जेवून ते निघून गेले ते परत आले नाहीत.

या प्रसंगानंतर नाना शेडमध्ये आले. नाना थोरले, धोतर-टोपीतले, जिनिंग आणि घराण्याची अब्रू दोन्ही वाहणारे. त्यांच्या मुलीला पाहायला आलेले लोक शेडच्या दारावरून परत गेले होते. जाताना मध्यस्थाला विचारून गेले, की घरात वेडाचा आजार आहे का. नाना वाईट माणूस नव्हते. धाकट्याच्या विमानाला जागा त्यांनीच दिली होती. पण त्या दिवशी ते लाकडाच्या घोड्यावर बसले आणि म्हणाले, "एक विचारू? इतकी वर्षं झाली. लाकूड झालं, कापड झालं, इंजिन झालं. आता पाइप. पाइप झाला की आणखी काही निघेल. खरं सांग, तुला उडायची भीती वाटते. म्हणून तू पाइप शोधत बसतोस."

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर होते. वर जावं की तिथेच थांबावं कळेना. अक्का दारात आली होती.

भाऊंनी चष्मा काढून पुसला. इलॅस्टिकमुळे तो काढायला वेळ लागायचा.

"वाटते," ते म्हणाले. "म्हणूनच पाइप शोधतो. भीती नसती तर मागेच उडालो असतो आणि मागेच मेलो असतो. मग तुला कुणी विचारलं नसतं घरात वेडा आहे का. होता म्हणून सांगितलं असतंस."

नाना उठताना एवढंच म्हणाले, "या दिवाळीपर्यंत. नाहीतर शेड मी कापसाला घेणार."

"घे," भाऊ म्हणाले. "मी विमान रस्त्यावर ठेवीन. तिथे आणखी लोकांना दिसेल."

उपाय सापडला तो विहिरीवरच्या पंपामुळे. पंपाची मोटर जळली होती, ती नव्या तारा गुंडाळायला पाठवायची होती. भाऊ तिला न्याहाळत बसले. जळक्या मोटरीत तांब्याच्या तारा वितळल्या होत्या, पण तारांवर गुंडाळलेली काचेच्या धाग्यांची पट्टी तशीच होती. काळवंडली होती, जळली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटर गुंडाळणाऱ्याकडून तसली रुंद पट्टी आणली, आणि तापल्या मोटरीवर चढवतात ते सिलिकॉनचं व्हार्निशही आणलं. आधी एक तुकडा तव्यावर भाकरीशेजारी ठेवला. भाकरी करपून कोळसा झाली तरी तुकडा शाबूत राहिला. अक्काने तवा फेकून दिला आणि भाऊंना दुसरा आणायला पाठवलं.

मग दोघांनी मिळून पाइप केला. गुळगुळीत लाकडी दांड्यावर आधी काचेच्या पट्टीचा एक थर, त्यावर व्हार्निश. तो वाळल्यावर त्यावर पोलादी तारेचं वेटोळं, आणि तार पुरी झाकून टाकणारा वरचा दुसरा थर. तार दोन थरांच्या मध्ये कोंडलेली, म्हणजे आतून पाइप गुळगुळीत आणि सुटून आत येईल असं काही नाही. शिवण टाकायची होती दोन्ही टोकांना. सुती दोरा जळेल म्हणून अक्काने त्याच पट्टीचे धागे उसवून त्या धाग्यांनीच शिवलं. काचेच्या धाग्याची कुसळं बोटांत शिरतात. तिचे हात लाल झाले, रात्रंदिवस खाजायचे. "हाई कापड अंगले चावस," ती म्हणायची, हाताला खोबरेल चोळायची आणि पुन्हा सुई उचलायची. भाऊ म्हणाले, राहू दे, शिंप्याकडे देतो. तिने वर न बघता सांगितलं, "शिंपी उडाव नही. तुमी उडशात."

पाइप झाला. भाऊंनी तोंड लावून ओढला, चपटा झाला नाही. गुडघ्यावर वाकवला, तडकला नाही. इंजिनावर बसवून रविवारमागून रविवार चालवला आणि दर वेळी काढून आत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहिलं. त्यांचं समाधान झालं. पण गावाचं हसणं बाकी होतं, आणि ते त्यांना आता मिटवायचं होतं.

त्यासाठी ते भाद्रपदाची वाट बघत थांबले. गौरी-गणपतीच्या दिवसांत एका दुपारी पाऊस पडून गेला, ऊन न पडता हवा कोंदट झाली. मी शाळेतून ओला-सुका तापमापक आणला होता. दोन्ही नळ्यांतला पारा जवळजवळ एका रेषेत होता, म्हणजे हवेत मावेल तेवढी ओल होती. भाऊंनी नानांना बोलावणं पाठवलं. नाना आले, आणि आरास बघायला निघालेली माणसं त्यांच्यामागे जमली.

इंजिन सुरू झालं. भाऊंनी ते संथ लयीत ठेवलं आणि काहीच केलं नाही. माणसं कंटाळली. कुणीतरी पाठीमागून बर्फाची लादी आणू का म्हणून ओरडलं. मग मी कार्बोरेटरकडे बोट दाखवलं. त्याच्या नळीवर आधी घाम आला, थेंब ओघळले, आणि मग ती ओल हलायची थांबली. धातूवर पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी पसरत गेलं.

"नाना, हात लाव," भाऊ म्हणाले.

नानांनी विमानाच्या तोंडाशी फिरणाऱ्या पंख्याकडे बघत, अंग चोरत हात पुढे केला. बोट लावलं आणि मागे घेतलं. त्यांच्या बोटावर पांढरं होतं, ते बघता बघता पाणी झालं. त्यांनी ते बोट मागच्या माणसाला दाखवलं, तोवर दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून तो माणूस स्वतः पुढे आला. मग दुसरा. तेवढ्यात इंजिनाने ठेच खाल्ली. आवाज खाली गेला, पंख्याचं पातं डोळ्यांना दिसायला लागलं. भाऊंनी खटका ओढला. इंजिन आणखी वाईट खोकलं, दोन-चारदा गुरगुरलं, पाण्याचा फवारा उडाल्यासारखा आवाज झाला आणि ते पुन्हा मोकळं धावायला लागलं. अक्काने शिवलेला पाइप थरथरत होता आणि जसाच्या तसा होता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं हळूहळू पांगली. नानांनी शेडची गोष्ट त्यानंतर काढली नाही.

दिवाळीनंतर, भाऊंनी उडवण्याच्या परवान्यासाठी केलेल्या अर्जावरून, तपासणीसाठी मुंबईहून विमान खात्याचे एक अधिकारी आले. भला माणूस होता. दोन दिवस त्यांनी विमान खिळ्या-खिळ्याने पाहिलं. पाइपाला हात लावून विचारलं, कुठून आणला. घरी केला म्हटल्यावर त्यांनी अक्काकडे पाहून हात जोडले. आणि मग चहा घेताना सांगितलं, की अशा घरी बांधलेल्या विमानाला परवाना देण्याची पद्धतच त्यांच्याकडे नाही.

"यात चूक काय आहे?" भाऊंनी विचारलं.

"चूक नाही."

"मग नकार का?"

"नकारही देत नाही. मला होकार देता येत नाही एवढंच. उडवू नका, ही विनंती आहे. एखाद्या कॉलेजला देऊन टाका, मुलं बघतील."

भाऊंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. "साहेब, तुम्ही सभ्य माणूस आहात, म्हणून आधी सांगून ठेवतो. मी उडणार आहे. तुम्हाला न कळवता केलं असं व्हायला नको."

जाताना साहेब शेडच्या दारात वळून एकदा विमानाकडे पाहून गेले.

शिंदखेड्याजवळ अक्काच्या माहेरचा मोठा माळ पडीक होता. जिनिंगच्या ट्रकवर पंख वेगळे आणि धड वेगळं असं विमान तिथे नेलं. ट्रक नानांनी दिला. कशाला हवा हे त्यांनी विचारलं नाही. अक्काच्या भावांनी माळावरचे दगड वेचले होते. सकाळी दहिवर पडलं होतं, लांबवर धुक्याची एक पट्टी होती. भाऊंनी सदऱ्यावर स्वेटर चढवला आणि बसले. अक्का जवळ जाऊन म्हणाली, "उडाले निंघनात आन चहा बी नही लिधा." भाऊंनी बसल्या बसल्या चहा घेतला, कप परत दिला आणि इंजिन लावलं.

विमान खडबडीत माळावरून हिसके खात गेलं. मला वाटलं हे आता मोडणार. मग हिसके थांबले. चाकांखाली गवत दिसलं, मग गवताच्या वर मोकळी हवा दिसली. माळाला मोठा वळसा घालून ते परत येऊ लागले, उतरण्यासाठी इंजिनाचा आवाज त्यांनी कमी केला, आणि तो कमी झालेला आवाज तुटायला लागला. एक ठेच, दुसरी ठेच. अक्काने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांची खरखर मला अजून आठवते. मग वरून तो ओला खोकला ऐकू आला, जो मी शेडमध्ये ऐकला होता, आणि इंजिन पुन्हा एकसुरात चालायला लागलं. धुक्यातून आलेली ओल होती ती. विमान उतरलं, उसळलं, पुन्हा उतरलं आणि मागचं चाक मोडून थांबलं.

भाऊ बाहेर आले. ते खाली मातीत बसले आणि म्हणाले, "खटका ओढावा लागला." आणि मग एकटेच हसत राहिले.

त्याच दुपारी ते पोलीस ठाण्यात गेले. मी आणि अक्का सोबत होतो. फौजदाराला त्यांनी सांगितलं, "मी परवान्याशिवाय विमान उडवलं. लिहून घ्या."

फौजदाराने विचारलं, "तक्रार कोणाची आहे?"

"माझीच."

"कुणाला लागलं, काही नुकसान?"

"मागचं चाक मोडलं. तेही माझंच."

फौजदाराने भाऊंना घरी जायला सुचवलं, मग विनवलं. भाऊ बाकावर बसून राहिले. ते म्हणाले, "चोरून उडालो असं उद्या कुणी म्हणायला नको. कायदा मोडलाय, तो मोडलाय असं लिहा. पण मी लपलो नाही, हेही लिहा." शेवटी कुठलं कलम लावायचं ते विचारायला फौजदाराने धुळ्याला फोन लावला, आणि ते उत्तर यायला संध्याकाळ झाली.

खटला चालला. भाऊंनी वकील दिला नाही. गुन्हा कबूल केला, दंड भरला. विमानाचा पंखा काढून कोर्टात जमा झाला. मॅजिस्ट्रेट वयस्क होते, त्यांना हे प्रकरण एकदाचं मिटवायचं होतं. त्यांनी सौम्यपणे सांगितलं, की पुन्हा असं करणार नाही एवढी लेखी हमी द्या आणि पंखा घेऊन जा, घरात शोभेला ठेवा.

"बाकी सगळं कबूल आहे," भाऊ म्हणाले. "एवढं लिहून देता येणार नाही."

"अहो, आता वय काय तुमचं? उडून झालं ना एकदा?"

"मी उडालो. बायको खाली उभी होती. ते विमान एकाच माणसाचं आहे."

मॅजिस्ट्रेटनी अक्काकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि नजर खाली घातली नाही. पंखा कोर्टातच राहिला.

माझी बदली धुळ्याला झाली तोवर शेडमध्ये दुसरा सांगाडा उभा राहिला होता. तो पुढे पुरा झाला, उडाला, आणि पुन्हा दंडही झाला. पण त्या वेळी मी तिथे नव्हते. ती हकीकत सांगण्याचा हक्क अक्काचा आहे. मी शेवटचं पाहिलं ते एवढंच. सामान बांधून निरोप घ्यायला खाली उतरले, तर शेडच्या उघड्या दारासमोर नेहमीची बघणारी माणसं उभी होती आणि त्यांच्यादेखत अक्का एका खोक्यावर ताठ बसली होती. भाऊ टेप घेऊन तिची बसल्या जागेपासून डोक्यापर्यंतची उंची मोजत होते. टेप तिच्या अंबाड्यापाशी अडली.

"अंबाडा धरून मोजू की सोडून?" भाऊंनी विचारलं.

"धरीसन मोजा," अक्का म्हणाली. "मी काय केस मोकळा सोडीसन येसू?"

भाऊंनी टेप अंबाड्याच्या वर नेली आणि आकडा लाकडावर लिहिला.